ब्याण्णव हजार

नागपुरात गाडी ब्याण्णव हजारांनी स्वस्त मिळते,
हे मला वामन डेर्लेने सांगितलं
आडगाव नाक्यावर, उभ्या उभ्या, चहाच्या पहिल्या घोटाला.
दुसऱ्या घोटाला माझं नक्की झालं.

बेदमुथा शेठकडे मग नुसतं कोटेशन घ्यायला गेलो.
आगरा रोडची काचेची शोरूम.
वडिलांची पहिली गाडी तिथलीच,
तेव्हा काच नव्हती, पत्रा होता.
शेठनी दोन हजार सोडले, मग पाच,
मग सीट कव्हर फुकट,
मग टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला.
मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.
घरी कुणाला विचारायचं होतं?
खिशात नागपूरचं तिकीट होतं.

नागपूरचा मॅनेजर पोरगेला.
त्याने शेठचं कोटेशन चाळलं, हसला,
आणि त्याच कागदाच्या कडेला
पेन्सिलीने आपला आकडा लिहिला.

चेसिस म्हणजे दोन पोलादी तुळया, सहा चाकं, एक इंजिन
आणि स्टिअरिंगच्या पुढं सगळा महाराष्ट्र.
ना काच, ना दार, ना टप.
याकूबने खोक्याच्या फळ्या तारेने आवळून बैठक केली,
वर गोणपाट, डोळ्याला गॉगल, डोक्याला मफलर.
इंजिन नवं आहे, काटा चाळिसाच्या वर न्यायचा नाही,
असं तीनदा बजावलेलं.
अकोल्याच्या अलीकडे वऱ्हाडाचा एक ट्रॅक्टर
आम्हाला मागे टाकून गेला.
करवल्यांनी हात हलवले.

मी वाटभर आकडा मोजत होतो.
ब्याण्णवातून डिझेल गेलं,
याकूबचा रोज, दोघांचं जेवण, मुक्ताईनगरचा लॉज,
आणि एक दंड, ज्याची पावती मिळाली नाही.
मालेगावात तो चौऱ्याऐंशीवर आला.
अजून दांडगाच होता,
पण अंगावर ओढून घेता येत नव्हता.

चांदवडच्या घाटात पहाटे तीनला
डिसेंबर समोरून आला.
गॉगलच्या आत पाणी, मिशीवर पाणी.
याकूबची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात,
त्याने त्यांना एकेक करून शिवी दिली
आणि गाडी कडेला घेतली.
कागद आहे का, म्हणाला,
छातीला कागद लाव, वारं कागदाला भितं.
पिशवी उसकली.
विमा, फॉर्म, टेम्पररी नंबर, त्यांना हात लावायचा नव्हता.
उरलं शेठचं कोटेशन:
चार पानं, जाड, डोक्यावर गणपती छापलेला.
दोन मी घेतली स्वेटरखाली, दोन त्याला दिली.
पिंपळगाव, ओझर,
तेवढ्यावर आलो.

आडगाव नाक्याला तांबडं फुटत होतं.
टपरीसमोर शेठ. कानटोपी, काठी,
डॉक्टरांनी सांगितलेला फेरफटका.
चेसिसला पूर्ण वळसा घातला त्यांनी,
वाकून नंबर वाचला, ओठ हलवत.
तळहात इंजिनवर ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला.
कुठली?
नागपूर.
किती वाचले?

मी ब्याण्णव म्हणालो नाही, चौऱ्याऐंशीही नाही.
दात वाजत होते, बोलायला खाली वाकलो,
आणि गळ्यापाशी स्वेटरमधून
कागदाचा कोपरा वर आला, गणपतीसकट.

शेठनी तो ओढून घेतला.
चष्मा नव्हता, हात लांब करून धरला.
आपला आकडा वाचला, मग पेन्सिलीतला.
मग पेन्सिलीतला पुन्हा.
एवढ्याला तर मला घरात पडत नाही रे, म्हणाले,
मला नाही, बहुतेक कागदालाच.

घडी घातली, आधी होती तशीच,
आणि माझ्या स्वेटरात परत खोचली.
असू दे. ऊन यायला वेळ आहे.

टपरीवाल्याला तीन चहा सांगितले,
त्यातला एक बिनसाखरेचा.
याकूबची दोन पानं
त्यांनी मागितली नाहीत.